दोन आकड्यांची अदलाबदल

छापखान्यात सगळे तिला भिंगबाई म्हणायचे, अर्थात तिच्या मागून. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. एकतीस वर्षं ती प्रुफं तपासत होती. शब्दकोश, शाळेची पुस्तकं, गाड्यांची वेळापत्रकं. तिच्या हातून एखादी चूक सुटली तर मालकांचा आधी विश्वासच बसायचा नाही.

साठीच्या आसपास उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया अर्ध्या तासात आटोपली. पट्टी निघाली तेव्हा भिंतीवरची अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती. डॉक्टर म्हणाले, महिनाभरात नजर स्थिरावेल. तीन महिने गेले. दोन्ही डोळ्यांनी एकदम वाचायला गेलं की ओळी एकमेकींच्या अंगावर चढायच्या आणि डोकं गरगरायचं. शेवटी डॉक्टरांनी सगळं वयाच्या माथी मारलं.

धाकट्या बहिणीने तिला विषय सोडून द्यायला सांगितलं. डॉक्टरांशी भांडून कुणाचं भलं झालंय, असं तिचं म्हणणं.

"मला भांडायचं नाहीये गं," ती म्हणाली. "मला तपासायचंय."

तिने रुग्णालयाकडे आपली फाईल मागितली. खिडकीवरच्या कारकुनाने दोनदा हात हलवत परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला ती लेखी अर्ज घेऊन गेली आणि पोच मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलली नाही. आठवड्याने सदतीस पानांची झेरॉक्स हातात पडली. जेवणाच्या टेबलावर पानं पसरून, उजव्या डोळ्यावर रुमाल बांधून, ओळीखाली पट्टी सरकवत ती वाचायला बसली.

एकोणिसाव्या पानावर ती थांबली. शस्त्रक्रियेआधी यंत्राने डोळ्याचं माप घेतलं होतं, त्याची ती चिठ्ठी. त्या मापावरूनच डोळ्यात बसवायची लेन्स ठरते. चिठ्ठीवर नाव नव्हतं, फक्त नोंदणी क्रमांक होता: ४१८७. बाकी सगळ्या पानांवर तिचा क्रमांक होता ४१७८. म्हणजे तिच्या डोळ्यात दुसऱ्याच कुणाच्या मापाची लेन्स बसली होती.

पहिल्या वकिलांनी फाईल न उघडताच मान हलवली. डॉक्टर डॉक्टरांविरुद्ध साक्ष देत नाहीत, असं म्हणून त्यांनी तिला दारापर्यंत पोचवलं. तिने आभार मानले आणि दुसऱ्या वकिलाचा पत्ता शोधला.

ही वकीलबाई तिच्या निम्म्या वयाची होती. झेरॉक्सच्या दुकानावर एका खोलीत तिचं ऑफिस होतं, खुर्च्या दोनच. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकोणिसावं पान खिडकीपाशी नेऊन पाहिलं. मग स्पष्ट सांगितलं की आकडे उलटे पडलेत एवढ्यावर दावा उभा राहत नाही; लेन्स चुकीची आहे हे बाहेरच्या नेत्रतज्ज्ञाने लेखी द्यायला हवं. शिवाय दावा दाखल करायला मुदत असते, त्यामुळे हातावर हात धरून बसता येणार नाही. भिंगबाईला हा स्वच्छ हिशोब पटला. तज्ज्ञ शोधायचं काम तिने स्वतःकडे घेतलं आणि चौथ्या दवाखान्यात एक डॉक्टर तयार झाले. त्यांनी डोळा पुन्हा मोजला आणि चार ओळींत लिहून दिलं: ही लेन्स या डोळ्यासाठी नाही.

नोटिशीचा मसुदा तयार झाला. त्यात भिंगबाईने एक तारीख आणि दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. वकीलबाई हसली, पण तिने मुकाट्याने नवी प्रत काढली.

नोटीस गेल्यावर रुग्णालयाने बैठक बोलावली. त्यांच्या वकिलांनी चूक कबूल केली. भरपाई मिळेल, हव्या त्या डॉक्टरकडून लेन्स बदलून मिळेल, फक्त बाहेर कुठे वाच्यता नको. बहीण शेजारीच बसली होती. तिने टेबलाखालून ताईचा हात दाबला, म्हणजे सही कर.

"एक विचारते," भिंगबाई म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं तरी माप माझ्या फाईलमध्ये आलं. मग माझं कुणाच्या फाईलमध्ये गेलं?"

समोरचे वकील पुढ्यातले कागद चाळू लागले.

"नाव मला सांगू नका. पण त्या माणसाला बोलवा, तपासा, आणि खरं काय ते त्याला लेखी द्या. तोवर माझी सही नाही. आणि वाच्यतेचं कलम मी खोडतेय."

वकीलबाईने पेनाला टोपण लावलं आणि फाईल मिटली. सतरा दिवसांनी दोन्ही गोष्टी मान्य झाल्याचं पत्र आलं.

लेन्स त्या चार ओळी लिहिणाऱ्या डॉक्टरांनीच बदलली. डोळा अगदी पहिल्यासारखा झाला नाही. दिव्यांभोवती अजून वलय दिसतं, हे ती कुणी न विचारताही सांगते. पण ओळी जागच्या जागी आल्या आणि ती पुन्हा कामावर रुजू झाली.

दोनेक महिन्यांनी एक वयस्कर सुतार छापखान्यात विचारत आला. रुग्णालयाने त्याला दिलेल्या पत्रात नोटीस पाठवणाऱ्या वकीलबाईचं नाव होतं, तिच्याकडून तो इथवर पोचला होता. वर्षभर त्याला सरळ रेघ वाकडी दिसत होती. आपलं वय झालं असं समजून त्याने काम बंद केलं होतं आणि हत्यारं जावयाला देऊन टाकली होती. आता त्याचीही लेन्स बदलली होती.

"दिसतंय झकास," तो म्हणाला. "पण जावई रंधा परत देत नाहीये. त्याच्यासाठीही नोटीस काढता येते का?"

भिंगबाईने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि आधी मुलीशी बोलून बघायचा सल्ला दिला.