चाव्या कोणाकडे ठेवायच्या

१७ फेब्रुवारी, काळाचौकी. वाल सोलते आहे. मोड छान आले आहेत, कोमट पाण्यातून काढून परातीत घेतले आहेत. मध्येच हात ओढणीला पुसून फोनवर हे लिहिते. खरं तर उद्या सकाळपर्यंत इंग्रजीतलं एक पान सह्यांसह बर्मिंगहॅमच्या वकिलाला पाठवायचं आहे. आईला तिकडे माझ्याकडे नेण्यासाठी व्हिसाचा अर्ज आहे, त्यासोबतचं निवेदन. मसुदा तयार आहे, पण पाठवायला मन होत नाही. म्हणून आधी मराठीत लिहून बघते. जे इथेच राहिले त्यांना आणि जे माझ्यासारखे निघून गेले त्यांनाही यातलं काही ओळखीचं वाटेल.

पहिल्यांदा गेले तेव्हाही बॅग याच खोलीत भरली होती. नवरा आधीच तिकडे होता. आईने बॅगेला पितळी कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली आणि विमानतळावर आली. तिथे अर्धी चाळ जमली होती. माझा धाकटा भाऊ दिगू सगळ्यांना रांगेत उभं करून फोटो काढत होता. चावी आईकडेच राहिली. बर्मिंगहॅमच्या घरात पाऊल टाकल्यावर नवऱ्याने सगळ्यात आधी पकडीने ते कुलूप तोडलं. मी फोन केला, तर आई म्हणते, "माज्याकडे आसा गो. हरवाक नाय."

ती चावी अजून आहे. आमच्या दाराशेजारी भिंतीवर लाकडी पट्टी आहे, तिच्यावर खिळ्यांची रांग. मजल्यावरचे सगळे कामावर जाताना आपापल्या खोलीची चावी आईकडे देऊन जातात. मी लहान होते तेव्हापासून हे असंच आहे. कोणाचा सिलिंडर येणार, कोणाची मुलं शाळेतून लवकर सुटणार, कोणाचा पाहुणा गावाहून येणार, सगळं आईला सांगून ठेवायचं. ती दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसते. माझी गंजलेली चावी शेवटच्या खिळ्याला आहे.

बर्मिंगहॅममध्ये मला दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली. पहिल्याच दिवशी एक कागद हातात दिला. रिसेप्शनिस्ट वेळ देते, तर असिस्टंट खोली तयार करते. डॉक्टर उपचार ठरवतात, मात्र बिलाशी त्यांचा संबंध नसतो. प्रत्येकाचं काम दुसऱ्याच्या शेजारी ठेवून, मध्ये 'व्हाइल' नाहीतर 'व्हेअरॅज', म्हणजे आपलं 'तर' किंवा 'मात्र', घालून सांगितलेलं. इंग्रजीत एखादा माणूस काय करतो हे सांगायचं, तर शेजारी काय करत नाही तेही सांगावं लागतं. मला ते आवडलं. अगदी मनापासून आवडलं. इथे मी कॉलेजातून आले की पाणी भरायचं, शेजारच्या आजीचं औषध आणायचं, कोणाचं बाळ सांभाळायचं. हे माझं काम नाही, असं म्हणायला जागाच नव्हती. तिथे साडेपाचला काम संपायचं आणि कोणी तोंड वाकडं करायचं नाही. तिकडे गेल्याचा पश्चात्ताप वगैरे मला नाही.

आता आईचं वय झालं आहे. विसरते, गॅस चालू ठेवते, मला कधी दिगूच्या मुलीच्या नावाने हाक मारते. दिगू डिलिव्हरीची व्हॅन चालवतो, त्याची बायको स्मिता दादरला साड्यांच्या दुकानात आहे. चाळ पाडायचं नक्की झालं आहे, मे महिन्यात खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. दिगूने फोनवर सांगितलं, "ताई, तू आईला घेऊन जा. आमच्याच्याने नाही व्हायचं." म्हणून मी आले.

वकील म्हणाला, निवेदन कमजोर आहे, तुलना हवी. इथे तिचं करणारं कोणी नाही आणि तिकडे तुम्ही आहात, हे अधिकाऱ्याला एका नजरेत दिसलं पाहिजे. मग मी लिहिलं. भाऊ तिच्यासोबत राहतो, तर दिवसभर तो बाहेर असतो. भावजय फक्त जेवण देते, तर आंघोळ, औषधं, रात्रीची जाग हे बघायला कोणी नाही. आई सर्वस्वी दुसऱ्यांवर अवलंबून आहे, तर तिच्यावर कोणीही अवलंबून नाही. इंग्रजीत हे फार छान वाचलं जातं. वाक्य घट्ट बसतं. वकिलाने शाबासकी दिली. स्मिताची आणि दिगूची सही तेवढी बाकी होती.

आता रात्री पुढचं लिहिते. दुपारी मी वाल सोलत होते तेव्हा शेजारची शुभांगी कामावरून आली. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. "काकू, चावी."

आईने पट्टीकडे बघितलं, बोट फिरवलं आणि लाल दोरावाली चावी काढून दिली. ती कोपऱ्यातल्या खोलीची. शुभांगीने ती घेतली, "थँक्यू हां काकू," म्हणाली आणि पुढे गेली. आपल्या दाराशी उभं राहून तिने पर्समधून दुसरीच चावी काढली आणि कुलूप उघडलं.

मी ओल्या हातांनी तिच्यामागे गेले. "अगं, तिने चुकीची दिली."

"माहितीय ताई. हळू बोला. आम्ही सगळ्यांनी डुप्लिकेट करून घेतल्यात."

"मग तिच्याकडे ठेवता कशाला?"

"मध्ये बंद केलं होतं. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. चोर समजतत माका, म्हणाल्या." शुभांगी हसली. "आता देतो, घेतो. रोज संध्याकाळी स्मिता सगळ्या गोळा करून ज्याची त्याला नेऊन देते. तुम्हाला सांगितलं नाही तिने?"

नाही सांगितलं. मी विचारलंही नव्हतं. मी येऊन आठवडा झाला, आणि संध्याकाळी स्मिता या दारातून त्या दारात फिरते ते गप्पा मारायला, असं मी समजत होते.

स्मिता आल्यावर मी तिला निवेदन मराठीत वाचून दाखवलं. ती सोललेल्या डाळिंब्या धूत होती. शेवटी म्हणाली, "सही करते ताई. पेन द्या."

"खोटं वाटतंय का काही?"

"काल तुमच्या आईच्या केसांना तेल कोणी लावलं? रात्री मोरीत पाय घसरला तेव्हा कोण उठलं?" तिने पातेलं आपटलं नाही, पण जोरात ठेवलं. "तुम्ही नेलंत तर मी पोटभर झोपेन. खोटं कशाला बोलू? पण मी काही करत नाही असं लिहून नेऊ नका. मी मेले नाहीये अजून."

दिगू जेवायला आला तेव्हा मी सांगितलं की स्मिताचं आणि आईवर कोणी अवलंबून नाही हे, अशी दोन वाक्यं मी काढणार आहे.

"काढून काय लिहिणार?"

"जे आहे ते. आई चाव्या सांभाळते. आणि आई चाव्या सांभाळते हे स्मिता सांभाळते. सगळा मजला सांभाळतो."

"वा! आणि मग व्हिसा?"

"मिळणार नाही."

"ताई, तुला न्यायचंच नसेल तर सरळ सांग ना. कशाला नाटकं करतेस?" त्याने ताट सरकवलं. "तू परवा विमानात बसशील. मे महिन्यात सगळे विरारपासून पनवेलपर्यंत पांगणार. तेव्हा कुठे ठोकायची ती पट्टी? माझ्या व्हॅनमध्ये?"

उत्तर स्मिताने दिलं, भात वाढता वाढता. "मी नि शुभांगी एकाच बिल्डिंगमध्ये भाड्याने जागा बघतोय. या बाजूला नाही जमलं तर डोंबिवली. समोरासमोर मिळाली तर बरं."

"मला नाही बोललीस," दिगू म्हणाला.

"तुम्ही दोघं भाऊ-बहीण लंडन करत होतात ना."

बर्मिंगहॅम, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

डोंबिवलीत नवी जागा, दोन ओळखीची दारं, आणि आई दिवसेंदिवस जास्त विसरणार. स्मिता किती दिवस पुरणार? हे प्रश्न मला चांगले कळतात. तिकडे आईला स्वतंत्र खोली मिळाली असती, गरम पाणी, डॉक्टर जवळ. मी कामावर गेल्यावर ती दिवसभर खिडकीशी बसली असती आणि आमच्या गल्लीत कोणाचीही चावी कोणाकडे नसते. दोन्हीतलं काय वाईट, मला अजून ठरवता येत नाही. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "येतंय गो. पण मगे चावी कोणाकडे ठेवतले हे लोक?" मी ते हसण्यावारी नेलं होतं. इतकी वर्षं मी तिकडे सगळ्यांना सांगत आले की आमचं घर दहा बाय बाराची एक खोली. माझ्या आईचं घर त्या खोलीपुरतं कधी नव्हतंच, ते जिन्यापासून नळापर्यंत होतं. इथून गेलेल्याला ते मोजता येत नाही, मला तर परत येऊनही दिसलं नव्हतं.

वालांचं बिरडं स्मिताने केलं. नारळ तिने जास्त घातला, माझ्यासाठी.

१८ फेब्रुवारी. सकाळी वकिलाला दोन ओळी लिहिल्या, अर्ज थांबवा, यातली वाक्यं खरी नाहीत. त्याचं उत्तर यायच्या आत मी मे महिन्यातल्या तिकिटांची चौकशी केली. जागा बदलताना स्मिताला हाताशी माणूस लागेल. दिगू चहा न घेता कामावर गेला. मग मी बॅग भरली, कुलूप लावलं आणि गॅलरीत जाऊन चावी आईच्या हातात दिली.

"आई, ही ठेव."

तिने चावी उलटीसुलटी करून बघितली, खुर्चीच्या हाताला धरून उठली आणि शेवटच्या खिळ्याला, त्या गंजलेल्या चावीवर अडकवली.

"खंय जातंस?"

"उद्या जाते. मे महिन्यात येते."

"जा. माज्याकडे आसा."

त्याच कुलपाची दुसरी चावी माझ्या पर्समध्ये होती.