कागदाचंच तर आहे!

रविवारी सकाळी वारज्यातल्या माझ्या घरी, डायनिंग टेबलाभोवती आम्ही तिघं कागदाची मॉडेल्स करायला बसतो. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. साने खडकीच्या सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, तेही निवृत्त. मृण्मयी खराडीला एका आयटी कंपनीत टेस्टर आहे. विमान, पूल, किल्ला, जे काही करायचं ते छापील कागद कापून, दुमडून, चिकटवून आणि अगदी मापात! काम आठवड्याला इंचभर पुढे सरकतं. लोकांनी आमचे केलेले अपमान मात्र भराभर साठतात. सहा वर्षांचे साठलेत. थोडे तरी सांगून टाकते, नाहीतर माझं बीपी वाढेल.

*

समोरच्या फ्लॅटमधले काका दर रविवारी दारात उभे राहून एकच वाक्य टाकतात, "रिकामा वेळ बरा मिळतो हो तुम्हाला!"

परवा मी विचारलंच, "तुम्ही काय करत होतात?"

"मालिका बघत होतो. कालचाच एपिसोड, रिपीट."

*

माझ्या नणंदेचे यजमान आले होते. शोकेसमध्ये माझं दोन इंजिनांचं जुनं विमान होतं. चार महिन्यांचं काम! त्यांनी ते सरळ पंखाला धरून उचललं. विमान खाली, पंख हातात.

सॉरी वगैरे काही नाही! म्हणाले, "अरेच्चा, कागदाचं आहे होय? मला वाटलं खरं आहे!"

खरं! वारज्यात, दुसऱ्या मजल्यावर, शोकेसमध्ये खरं विमान!

कागदाचा एक फायदा मान्य करायला हवा. तेवढं एक पान पुन्हा छापलं आणि बारा दिवसांत नवा पंख बसला. प्लास्टिकचं असतं तर गेलंच होतं. पण हे मी त्यांना मुळीच सांगितलं नाही. कळलं असतं तर त्यांनी दुसराही पंख धरून बघितला असता.

*

तोटा म्हणाल तर दमट हवा. जुलैत कागद ओल धरतो. सान्यांचा रेल्वेचा पूल असाच मधोमध खाली वाकला. सोसायटीचे चेअरमन काहीतरी सही घ्यायला आले होते, ते पुलाकडे बघून हसले. "काय साने, कंत्राटदार कोण तुमचा?"

सान्यांनी मानही वर केली नाही. "कंत्राटदार असता तर पूल उद्घाटनालाच बसला असता. हा तीन पावसाळे उभा होता."

*

मृण्मयीच्या बॉसला तिचा छंद कळला. "आपल्या नव्या बिल्डिंगचं मॉडेल कर ना, क्लायंट येतायत!" तिनं सलग चार शनिवार-रविवार घालून केलं. खिडक्याच तीनशेच्या वर! प्रत्येक खिडकी ब्लेडनं कापलेली. तिच्या बोटांना पट्ट्या होत्या.

क्लायंट आले. मॉडेल बघून थक्क झाले. "कोणी केलं?"

मृण्मयी शेजारीच उभी. बॉस म्हणाला, "काही नाही हो, हल्ली प्रिंटर फार चांगले आलेत!"

पंधरा दिवसांनी एसीच्या झोतानं मॉडेलची गच्ची सुटली. बॉसचा फोन आला, "मृण्मयी, जरा बघतेस का?"

"हो सर. प्रिंटरला विचारते आणि सांगते."

अजून सांगितलेलं नाही.

*

गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही प्रदर्शन मांडलं. मध्यभागी माझा डोंगरी किल्ला. शेजारी ठळक अक्षरांत पाटी, 'कृपया हात लावू नये.' संध्याकाळी आरतीला गेले तर बालेकिल्ल्यावर खिरापतीचं ताट!

मी जवळजवळ ओरडलेच. सेक्रेटरीबाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, सपाट जागा दिसली."

"आणि पाटी?"

"हात कुठे लावलाय? ताट ठेवलंय."

खोबऱ्याचं तेल कागदातून जात नाही. बघायला येणाऱ्यांना तो डाग आता मी तळं म्हणून दाखवते.

*

साने लग्नानंतर बावीस वर्षं खडकीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहिले. ती क्वार्टर्सची चाळ पाडल्याचं कळलं तेव्हा दोन रविवार ते आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते कागदांची गुंडाळी घेऊन. आपली क्वार्टर ते स्वतः आखून, छापून, बनवणार होते. सगळी मापं त्यांच्या डोक्यात होती. दोन खोल्या, मोरी, कोनाडे, दाराची कडी. मृण्मयीनं विचारलं, "खिडकी थोडी मोठी केली तर छान दिसेल ना?" तर असे भडकले! "छान दिसायला काढतोय का मी? होतं तसंच होणार! अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे चालणार नाही!"

सात महिन्यांनी मॉडेल पुरं झालं. छप्पर उचललं की आतलं सगळं दिसत होतं. ते दाखवायला त्यांनी सुनंदाताईंना, म्हणजे आपल्या बायकोला, पहिल्यांदाच माझ्याकडे आणलं. पाठीचं दुखणं आहे त्यांना, भिंतीला धरून जिना चढून आल्या.

सान्यांनी छप्पर उचललं. सुनंदाताईंनी चष्मा पुसून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आता डोळे पुसणार, असं मला वाटलं.

"ओटा तसाच ठेवलात!"

"म्हणजे? तो तसाच होता. अठ्ठावीस इंच."

"तेच म्हणतेय मी! बावीस वर्षं त्या बुटक्या ओट्यावर वाकून पोळ्या लाटल्या. दरवर्षी सांगायचे, ओटा वाढवून घ्या, अर्ज करा. तुम्ही म्हणायचात, सरकारी क्वार्टर आहे, बदल करता येत नाही. ही तर सरकारी नव्हती ना? इथे तरी वाढवायचात!"

त्या चहाही न घेता निघाल्या. साने छप्पर हातात धरून तसेच उभे होते.

पुढच्या रविवारी ते माझ्या आधी टेबलापाशी हजर. मी छप्पर उचलून बघितलं. जुना ओटा कापून काढला होता आणि नवा बसवला होता, आधीपेक्षा सहा मिलिमीटर उंच.

मृण्मयीनं हळूच विचारलं, "काका, हे माप कुठून घेतलंत?"

साने ब्लेड पुसत म्हणाले, "तिला भिंतीशी उभं करून."