कापूस वेचणाऱ्या बायकांची भिंत

अमेरिकेत चँडलरला आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. नागपुरात उपयोजित कला शिकून जाहिरातींची कामं केलेली मी, इथे घरात बसून नवरा ऑफिसातून यायची वाट बघत होते. त्या बसून राहण्याचाच राग येऊन एक दिवस लायब्ररीतल्या स्क्रीन प्रिंटिंगच्या वर्गात जाऊन बसले.

शिकवणारे गृहस्थ मेक्सिकन होते, सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी मेक्सिकोत त्यांनी पाठ्यपुस्तकांची मुखपृष्ठं केली होती, संपाची पोस्टरं केली होती. इकडे आल्यावर पावाच्या पिशव्या, दुकानांच्या पाट्या, शेतमजुरांच्या सभांची पत्रकं, माणूस गेल्यावर वाटायची कार्डं, जे येईल ते केलं. गावातले निम्मे लोक रोज त्यांचं काम हातात धरत होते, पण त्यांना ओळखत कुणी नव्हतं. ते कशावरच सही करत नसत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "लोक सभा कधी आहे ते वाचायला थांबतात. माझं नाव वाचायला नाही."

माझी पहिली छपाई बघून त्यांनी कौतुकबिवतुक केलं नाही. शाई जास्त झाली, परत कर, एवढंच. मला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्या कामातली चूक काढली होती.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं पोस्टर मी त्यांच्याकडेच केलं. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती, तरी 'ग' आणि 'ण' यांच्यामधली मोकळी जागा चुकलीय हे त्यांनी बरोबर ओळखलं. त्या पोस्टरची मंडळात सगळ्यांनी तारीफ केली. कुणाकडून शिकलीस, हे कुणी विचारलं नाही.

गावात एका बंद पडलेल्या बेकरीची लांब भिंत होती. तिच्यावर ते चित्र काढायला लागले तेव्हा रंग कालवायला मी जायचे. इथे पूर्वी सगळीकडे कापसाची शेतं होती, आणि त्यांची आई हंगामापुरती मेक्सिकोतून येऊन त्यात राबलेली. भिंतीवर वेचणाऱ्या बायका होत्या, प्रत्येकीच्या मागे जमिनीवरून ओढत नेलेली लांबलचक पिशवी. मी म्हटलं, आमच्या अकोल्याकडे बायका पिशवी ओढत नाहीत, कमरेला फडकं बांधून त्याची ओटी करतात आणि त्यात कापूस भरतात. त्यांनी मला फडकं बांधून उभं राहायला लावलं. आठवडाभरानं बघते तर रांगेत एक बाई तशी उभी, लुगड्याचा काचा मारलेली, ओटी भरून पुढे आलेली. माझ्या आजीच्या शेतातली कुणीही असावी अशी.

ते हृदयविकारानं गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती इमारत विकली गेली आणि काही दिवसांतच भिंत बिस्किटाच्या रंगाची झाली. सगळ्या बायका गेल्या. मी गाडी कडेला घेऊन स्टिअरिंगवर हात आपटत बसले.

इमारत घेणारे आमच्या मंडळातलेच एक काका निघाले. निवृत्त डॉक्टर, मूळचे अमरावतीकडचे. नवीन आलेल्या मुलांना विमानतळावर घ्यायला जाणारे, आम्हालाही त्यांनीच पहिलं घर शोधून दिलेलं. तिथे त्यांच्या मुलाचं क्लिनिक होणार होतं. नवरा म्हणाला, जाऊ दे यार, त्यांची प्रॉपर्टी आहे. मी तशीच त्यांच्या घरी गेले.

काकूंनी चहा ठेवला. काका शांतपणे म्हणाले, पोपडे निघाले होते, आणि पेशंटना कसं स्वच्छ वाटायला पाहिजे. मग म्हणाले, "तो मेक्सिकन पेंटर ना? अगं, खाली सहीसुद्धा नव्हती. कुणाला विचारणार?"

"मला विचारायचं," मी म्हटलं. "त्यात ओटी बांधलेली बाई तुमच्या-माझ्या गावची होती. तुम्ही एकदा तरी नीट बघितलं होतं का, काका?"

ते म्हणाले, नवीन काढून घेऊ, तूच काढ, जरा आपलं, इंडियन काहीतरी. त्या 'आपलं' शब्दानं माझ्या डोक्यात सणक गेली. चहा न घेता निघाले. मंडळाची पोस्टरं करणं तेव्हापासून बंद केलं. नवऱ्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही.

माझ्या त्या शिक्षकांची मुलगी इथेच नर्स आहे. तिच्या गॅरेजमध्ये वडिलांची पोस्टरं गुंडाळून पडली होती, काही उष्णतेनं वेडीवाकडी झालेली. आम्ही दोघींनी ती सपाट केली, जी विरली होती ती पुन्हा छापली आणि लायब्ररीत प्रदर्शन लावलं. भिंतीच्या कच्च्या आराखड्यावरून ओटीवाल्या बाईची एक छपाईही केली. म्हातारी माणसं येऊन पावाच्या पिशवीपुढे उभी राहत आणि हसत. ही तर आमच्या घरी असायची, म्हणत.

शेवटच्या दिवशी काका आले. ओटीवाल्या बाईपुढे बराच वेळ थांबले, मोबाईलवर फोटो काढला. मग शिक्षकांच्या मुलीला म्हणाले, क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये हे फार छान दिसेल, मला एक हवंय. ती म्हणाली, नाही. आवाज चढवला नाही की कारण दिलं नाही.

काकांनी माझ्याकडे वळून मराठीत म्हटलं, "तू समजाव ना तिला."

तिला आधीच सगळं समजलेलं आहे, मी म्हटलं, आणि खिळे काढायला वळले.