बेंबीला सोनं चालतं का?

टोचायच्या खुर्चीत बसलं की माणसं भडाभडा बोलतात. किस्से न मागताच साठत जातात. इस्लामपुरात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सोनाराचं दुकान. पुढे ते सोन्याच्या तारेनं बाळांचे कान टोचतात. मधे पडदा. पडद्यामागे मी, पुण्यात शिकून आलेली, पोरींच्या बेंब्या टोचते. वर्षभर अण्णांनी पडदा ओलांडला नाही. पलीकडून नुसते खाकरायचे, आणि माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही!

*

पहिलं गिऱ्हाईक पल्लवी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची. सोबत फौजेतून सुट्टीवर आलेला मामा. म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा."

"बाहेर कसं? कान टोचताना माझ्याच मांडीवर हुती. गूळ बी आणलाय!"

भिंतीकडे तोंड करायच्या अटीवर आत घेतलं. उभी करून खूण केली, मग खुर्ची मागे पाडून आडवं झोपवलं, सुईचं सीलबंद पाकीट फोडलं.

"झालं? चिमटा काढल्यागत वाटलं," पल्लवी म्हणाली.

मामानं तेवढ्यात वळून बघितलं होतं. तो घेरी येऊन खाली बसला. गूळ त्यालाच भरवला!

*

जखम भरायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. रोज सलाईननं पुसायचं, न धुतलेला हात लावायचा नाही, तेल-हळद तर नाहीच. मी घसा कोरडा करते. तरी कवठे महांकाळची एकजण चौथ्या दिवशी लालबुंद बेंबी घेऊन दारात!

"पोट दुखत हुतं, म्हणून आजीनं बेंबीला हिंग लावला. तिला अंधुक दिसतंय, रिंग दिसलीच न्हाई."

"मग?"

"मग तिच्या हाताला लागली. आता पाठ बी दुखतीया!"

तिला आधी डॉक्टरकडे नेलं.

*

पाटणच्या एक शिक्षिका. पालथं झोपू नका, घट्ट जीन्स नको, पोहणं नको, सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू.

"ताई, पांढरट पाणी येतंय!"

"थोडं येतंच. पू, ताप किंवा वाढती सूज असेल तर डॉक्टर गाठा."

असे पाच फोन. मलाच धास्ती बसली. सहावा आला, "ताई, आज काहीच येत नाही हो. काय करू?"

*

परवा पल्लवी परत आली, पुन्हा सुट्टीवर आलेल्या मामासोबत. जखम छान भरलेली, लग्न ठरलेलं. तिला सोन्याची रिंग हवी होती. अण्णांनी हात झटकले.

"कमरंखाली सोनं घालत न्हाईत. लक्ष्मी हाय ती."

"आवं अण्णा, बेंबी कमरंखाली कुठं येती?" मामा म्हणाला.

"वर तरी कुठं हाय?"

"मग सांगलीला करून घितो."

दोघं निघून गेले. मला रडूच फुटलं. वर्षभराचं खाकरणं पोटात घातलं होतं, पण रिंग नाकारली म्हणजे माझं कामच नाकारलं, असं वाटलं. अण्णांशी न बोलता घरी जेवायला गेले. ताट तसंच ठेवून परत आले.

अण्णांची गादी रिकामी. पडदा हलत होता.

आत माझ्या आरशासमोर अण्णा उभे होते. सदरा दातात धरलेला, हातात दागिने मोजायची पट्टी. पट्टीचं एक टोक कमरेच्या करदोड्यावर, दुसरं बेंबीवर!

मला बघून त्यांनी तोंडातला सदरा सोडला.

"करदोड्याच्या दोन बोटं वर हाय," ते म्हणाले. "बोलीव त्या पोरीला."