उकळलेला विळा

निजामाच्या राज्यात आम्ही पूर्णेला रेल्वेच्या चाळीत राहत होतो, तेव्हा शेजारी एक ख्रिस्ती सुईण होती. कोणाच्याही दारात आली की ख्यालीखुशालीआधी विचारायची, "पाणी उकळलं का?" हात कोरडे असले तरी बोलता बोलता पदराला पुसत राहायची. तिचं पहिलं मूल आठ दिवसांच्या आत धनुर्वातानं गेलं होतं, कारण नाळ मळक्या विळ्यानं कापली होती. त्यानंतर ती मिशनच्या दवाखान्यात हे काम शिकली.

माझ्या बायकोच्या बाळंतपणात माझी आई अडून बसली. नाळ घरच्या विळ्यानंच कापायची, हा तिचा हट्ट. मी समजावून थकलो.

सुईण म्हणाली, "विळाच पायजे ना, आत्याबाई? द्या इकडं. त्याला बी उकळू."

तिनं विळा राखेनं घासला, धुतला आणि उकळत्या पाण्यात बुडवून ठेवला. आई नरमली. "देवानं तुजं लेकरू नेलं, म्हणून आमच्यासाठी तू आलीस बग."

"देवानं न्हाई नेलं, घाणीनं नेलं," ती म्हणाली. "देवानं मला रडत तिथंच पडू दिलं न्हाई."

मी हिशेबी माणूस. पण तिचं गेलेलं मूल आणि आमची वाचलेली मुलगी यांची वजाबाकी मला कधी मांडता आली नाही. तिनंही ती कधी मांडली नाही.

बारशाला माझी बहीण, मुलीची आत्या, पाळण्याजवळ हात पसरून उभी होती. आईनं तिला थांबवलं आणि नात सुईणीच्या मांडीवर ठेवली.

"आधी तू घे," आई म्हणाली.