काचेच्या आतल्या बाजूने

बाजारात त्यांना सगळे 'उलटे पेंटर' म्हणायचे. हे त्यांचं आडनाव नव्हे, कामावरून पडलेलं नाव. दुकानाच्या काचेवर अक्षरं काढायची ती आतल्या बाजूने, म्हणजे पावसाने रंग जात नाही आणि येणाराजाणारा नखाने खरवडत नाही. पण आतून काढायची तर सगळी उलटी काढावी लागतात, तेव्हा कुठे ती रस्त्यावरून सुलटी दिसतात. रंगांचा क्रमही उलटाच. सगळ्यांत वर दिसायचं ते आधी, आणि मागचा रंग सगळ्यांत शेवटी. एकदा तो लावला, की आतल्या माणसाला काय काढलंय ते दिसतच नाही.

म्हणून बायको बाहेर फुटपाथवर उभी राहायची. आतून काढताना पहिली वेलांटी दुसरीसारखी दिसते आणि दुसरी पहिलीसारखी, तिथे भले भले फसतात. तसं झालं की ती काचेवर टकटक करून ओरडायची, "अहो, वेलांटी!" एकदा ती तापाने घरी निजली, आणि नेमकं त्याच दिवशी किराणा दुकानाच्या काचेवर 'कीराणा' झालं. दुकानदाराने कपाळाला हात लावला. घरी तिने तापातही हसून घेतलं. "तुमचं सगळंच उलटं. भूक लागली की नको म्हणता, आणि रागावलात की कपाट आवरता."

मागच्या हिवाळ्यात ती गेली. त्यानंतर पेंटरांनी काचेला ब्रश लावला नव्हता. कुणी बोलावलंही नव्हतं म्हणा, हल्ली पाट्या छापूनच येतात.

बाजाराचीही रया गेली होती. अर्धी दुकानं बंद, काचांवर धूळ. मग व्यापाऱ्यांच्या मंडळाने ठरवलं, की गावातल्या चित्रकारांनी या बंद दुकानांच्या काचा रंगवाव्यात, आणि प्रत्येकाने या बाजारातलं एक माणूस काढावं. मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे चपलांच्या दुकानाचा मालक, घरी आला. "पेंटरकाका, तुमच्याशिवाय कसं व्हायचं? बंद बेकरीची काच तुमची."

पेंटर लगेच हो म्हणाले. त्याचं खरं कारण त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं. बायकोचा चेहरा त्यांना आठवेनासा झाला होता. तिचा आवाज आठवे, चाल आठवे, पण चेहरा आठवायला गेलं की निसटून जाई. फोटो म्हणाल तर ती कॅमेरा दिसला रे दिसला की तोंडासमोर हात धरायची. घरातल्या एकूण एक फोटोत नुसता तिचा तळहात. रोज सकाळी चहा घेताना पेंटर डोळे मिटून बघायचे आणि घाबरून उघडायचे. ती काचेवर उतरली तर आपण तिला विसरलेलो नाही, आणि नाही उतरली तर ती दुसऱ्यांदा गेली, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

बाकीचे चित्रकार बाहेरून रंगवत होते. पेंटर बेकरीच्या आत रिकाम्या फळ्यांमध्ये स्टूल टाकून बसले. समोर काच, पलीकडे फुटपाथ. आणि काय सांगावं, ती आली! जशी तिथे उभी राहायची तशीच आली. हात आपोआप चालू लागला. आधी गालावरचा तीळ, मग डोळे, मग हसू दाबल्यासारखे ओठ, केस, अंगाचा रंग. खाली अक्षरं, 'ही इथेच उभी असायची'. वेलांट्या त्यांनी पुन्हा पुन्हा तपासल्या. शेवटी मागून निळा रंग दिला, हात पुसले आणि ते बाहेर आले.

काचेत एक परकी बाई होती.

डोळे तेच, ओठ तेच, पण ही ती नव्हे. पेंटर मटकन पायरीवर बसले. पलीकडच्या काचेवर मासेवाली रंगवणारी मुलगी म्हणाली, "काका, काय सुंदर झालंय हो!" त्यांना ते ऐकूही गेलं नाही. संपलं, गेली ती आपल्या डोक्यातून, एवढंच त्यांच्या मनात फिरत होतं.

संध्याकाळी लेक ऑफिसातून थेट तिथे आली. काचेसमोर बराच वेळ मान वाकडी करून उभी राहिली.

"बाबा, आईचा तीळ डाव्या गालावर होता ना?"

"मग?"

"हा उजव्या गालावर आलाय. तुम्ही अक्षरं उलटी काढलीत, आईला उलटं करायचं विसरलात."

पेंटरांनी कपाळावर हात मारून घेतला. आतून जशी दिसायची तशीच काढली होती त्यांनी तिला. उभ्या आयुष्यात एवढी मोठी चूक झाली नव्हती. ते हसायला लागले आणि हसता हसता हुंदके द्यायला लागले. लेकीने त्यांना जवळ घेतलं. "अगं, मला वाटलं मी तुझ्या आईला विसरलो," ते म्हणाले.

काचा बघत फिरणारा सेक्रेटरी म्हणाला, "राहू द्या हो काका, कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. पेंटरांनी पात्याने काच खरवडायला घेतली. आधी निळा गेला, मग गाल, मग डोळे. आधी काढलेलं सगळ्यांत शेवटी निघतं, त्यामुळे तीळ एकटा उरला. तोही त्यांनी काढला.

मग सगळं पुन्हा, या खेपेला उलटं. आता समोर उमटणारी बाई त्यांच्या ओळखीची नव्हती, आणि रेघ न् रेघ हाताच्या सवयीविरुद्ध जात होती. बाहेरून लेक सांगायची, "हनुवटी थोडी खाली, बाबा." ते ऐकायचे. तिच्यावर भरवसा ठेवून एका अनोळखी बाईला त्यांनी दिवसभर रंगवलं आणि तिच्यावर निळा रंग चढवला.

"बाबा, बाहेर या," लेक म्हणाली. "आई आलीय."

पेंटर बाहेर आले. खरंच तीच होती. हसू दाबून त्यांच्याकडे बघत होती, आता काही तरी बोलेल अशी. बाजारातली जुनी फुलवाली हातातली टोपली खाली ठेवून म्हणाली, "अगंबाई, ही तर हुबेहूब!" लेक रडत होती, तिच्या खांद्यावर फुलवालीने हात ठेवला. पेंटर मात्र काचेकडेच बघत होते. इतक्या महिन्यांनी भेटली होती ती, आणि बेकरीच्या आत एकटी होती.

ते घाईघाईने दार ढकलून आत गेले. आत काचेवर नुसता निळा रंग होता, अजून ओला.