गुलाबी दोऱ्याच्या गाठी

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा माझी बस संकेश्वरच्या स्टँडवर उभी होती. निपाणीहून बेळगावला त्यालाच बघायला निघालो होतो. फोनवर त्याचा मेहुणा होता. "गेला," एवढंच म्हणाला. मी उतरलो नाही. बस सुटली तरी तसाच बसून राहिलो, जणू पुढे जाऊन मला अजून काही सांगता येणार होतं. दोन महिन्यांत चार वेळा मी त्या दवाखान्यात गेलो होतो. प्रत्येक वेळी एक गोष्ट सांगायची ठरवून गेलो आणि शहाळं ठेवून परत आलो. त्या दिवशी मात्र सांगणारच होतो... असं आज म्हणायला काय जातं?

आता दीड महिना झाला. ती गोष्ट ज्याला सांगायची तो नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

माझं निपाणीत छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर, सोसायट्यांचे अहवाल. बाजूच्या गल्लीत मिलिंदचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आमची ओळख वीस वर्षांची. पहिल्यांदा तो आला तेव्हा माझं मशीन बंद पडलं होतं. त्यानं पिन काढली, सीपीयूचं बटन दाबून धरलं आणि तोंडानं वीस आकडे मोजले, पाढे म्हणावेत तसे मोठ्यानं. मला हसू आलं. तर म्हणाला, पिन काढली म्हणून वीज लगेच घर सोडत नाही, तिला निघायला वेळ द्यावा लागतो. पुढे वीस वर्षांत त्यानं एकदाही हे मोजणं चुकवलं नाही. मी छापायच्या मजकुरातल्या चुका शोधणारा, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. जेवणाच्या डब्यातली भाजी बघूनसुद्धा "ह्यात काय चुकलंय सांगा मास्तर," म्हणून चिडवायचा.

त्याची आई विड्या वळायची. सगळी गल्ली तिला आक्का म्हणते. त्या घरात प्रत्येकाच्या हातानं विडीला दोरा बांधलेला, मिलिंदच्याही. त्यामुळे तार जोडताना तो नुसत्या टेपवर कधीच विसंबला नाही. तारा पिळायच्या, टेप गुंडाळायची आणि वरून आक्काच्या डब्यातला गुलाबी दोरा. दोन वेढे घ्यायचे आणि टोक वेढ्याखाली सरकवून ओढायचं. झाली विडीची गाठ. गाठीचं डोकं वर दिसत नाही, बोट फिरवलं तर सरळ घसरत जातं. उन्हाळ्यात टेप वितळून सुटते, दोरा सुटत नाही, असं त्याचं म्हणणं. चिकोडीपासून खानापूरपर्यंत किती मशीनच्या पोटात आक्काचा दोरा असेल, देव जाणे.

मागच्या वर्षी माझ्या मुख्य मशीनचा एसएमपीएस गेला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना वाटणारा हा पत्र्याचा डबा. साधा असता तर अर्ध्या तासाचं काम. पण माझं मशीन एका ऑफिसातून जुनं घेतलेलं, कंपनीचं. डबा अरुंद, तो दुसरीकडे मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे प्लग दिसायला नेहमीसारखाच, आतल्या तारांचा क्रम मात्र कंपनीनं आपल्या मर्जीनं ठेवलेला. नेहमीचा डबा आणून खोचला तर बोर्ड जळणार. माझी जुनी मराठी अक्षरं फक्त त्या मशीनवर चालायची, वीस वर्षांचं काम त्यात होतं, आणि दोन दिवसांवर एका शाळेच्या सराव परीक्षेचे पेपर, मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांचे.

मिलिंदनं बेळगावातल्या खासबागच्या भंगारवाल्याला फोन लावून कन्नडमधून बराच वेळ वाद घातला. तसला डबा नाही म्हणाला. कोल्हापूरलाही नाही. मग त्यानं ठरवलं, नवा साधा डबा घ्यायचा, तो मशीनच्या बाहेरच ठेवायचा, त्याचा प्लग कापायचा आणि त्या जागी जुन्या डब्याचा प्लग एकेक तार जोडून लावायचा. तेव्हा साखरेनं त्याला पोखरायला सुरुवात केली होती. एका डोळ्यावर लेसरचे उपचार झाले होते. बोटांची टोकं बधिर, चहाचा ग्लास पोळतोय हे त्याला चहा सांडल्यावर कळायचं. तरी अख्खी दुपार तो माझ्या दुकानात खाली बसून होता. एक तार मापायची, कागदावर लिहायची, जोडायची, दोरा बांधायचा. मी दोनदा म्हटलं, दुसऱ्या कुणाला बोलावू का? त्यानं वरही बघितलं नाही. संध्याकाळी शेवटची गाठ ओढली तोवर वीज मापायच्या मीटरचा सेल संपला होता. उठताना भिंतीला धरून उठला आणि म्हणाला, "बटन दाबू नगंस. उद्या अकराला मीटर घिऊन येतो, एकडाव तपासतो, मग दाब."

सकाळी नऊला मी दुकान उघडलं. शाळेचा फोन येऊन गेला होता. सहज त्या जोडण्या बघायला वाकलो आणि दोन ठिकाणी थांबलो. लाल तारेला नारिंगी जोडली होती आणि नारिंगीला लाल. बाकी सगळीकडे काळ्याला काळी, पिवळ्याला पिवळी. मी मुद्रितं तपासणारा माणूस. मला चूक दिसली की हात शिवशिवतो. वाटलं, बिचाऱ्याच्या डोळ्यांना लाल आणि नारिंगी कळेना झालंय. त्याला फोन करावा असंही वाटलं. पण फोन करून विचारायचं काय, तुला दिसतं ना नीट? आजारी माणसाचं मन कशाला दुखवा, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर मला त्याची वाट बघायची नव्हती. मी त्या दोन गाठी सोडल्या. लालला लाल जोडली, नारिंगीला नारिंगी, टेप लावली आणि तोच गुलाबी दोरा परत बांधला. बटन दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरला, टप्प असा आवाज आला आणि धूर. हार्डडिस्कही गेली.

त्याचा कागद टेबलावरच होता, तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, "रंग बघू नये, जागा बघावी." कंपनीनं रंगसुद्धा फिरवले होते. ते मी धूर गेल्यावर वाचलं.

अकराला तो मीटर घेऊन आला. दारातच त्याला वास आला. बटन मी दाबलं, एवढं मी कबूल केलं. शाळेनं घाई केली म्हणालो. तारांचं बोललो नाही. तो खाली बसला, सगळ्या जोडण्यांवरून बोटं फिरवली, बराच वेळ. मी टेबलावरचे कागद लावत होतो, जे लावलेलेच होते. मग तो म्हणाला, "माझंच चुकलं असंल. डोळं गेलं रं माझं." आणि मी म्हणालो, "असू दे रं." क्षमा मी मागायची, तर मीच ती केली, त्याला. माझ्या आयुष्यातलं इतकं नीच वाक्य दुसरं नाही.

त्यानंतर त्यानं दुसऱ्याचं मशीन उघडलं नाही. गिऱ्हाईक आलं तर दुसऱ्या दुकानाचा पत्ता द्यायचा. लोक म्हणत, काय झालं मिलिंदभाऊ? तर म्हणायचा, हाताचा भरवसा उरला नाही. महिन्याभरात शटर खाली आलं. आजार वाढत होताच, मूत्रपिंडं जाणारच होती, डॉक्टरांनी तसं सांगितलेलंही होतं. पण दुकानात बसून आजारी असणं वेगळं आणि घरात पडून आजारी असणं वेगळं. ते वेगळेपण मी त्याच्याकडून काढून घेतलं. बेळगावच्या दवाखान्यात डायलिसिसला पडलेला असताना तो दर वेळी विचारायचा, "मास्तर, त्या मशीनचं काय झालं?" मी म्हणायचो, नवीन घेतलं, मस्त चाललंय. तो मान हलवायचा.

त्याच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाल्यावर मी त्या जळलेल्या मशीनचा डबा पिशवीत घालून आक्काकडे नेला. त्याच्या हातचं शेवटचं काम, घरात असावं असं वाटलं. आक्काला आता फारसं दिसत नाही. तिनं डबा मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं एकेक जोड चाचपत गेली, विड्यांचं बंडल तपासावं तसं. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग अंगठा एका जागी थांबला, पुढे गेला, परत मागे आला.

"ही माझ्या पोराची गाठ न्हाय," ती म्हणाली. "ही पोत्याची गाठ हाय. कुणी बांधली?"

मी शेतकऱ्याच्या घरचा. मला पोत्याच्या तोंडाचीच गाठ येते, वर डोकं निघणारी. वीस वर्षं त्याला बांधताना बघून ती विडीची गाठ मी कधी शिकलो नव्हतो. "मी," म्हणालो, आणि मग सगळं सांगितलं. मी रडलो, ती रडली नाही. शेवटी म्हणाली, "त्याला सांगिटलं असतंस तर हसला असता रं." आणि डबा माझ्याकडे सरकवला. "घिऊन जा. त्या दोन सोडू नगंस. तशाच ऱ्हाऊ देत."

डबा आता माझ्या टेबलावर आहे. नव्या मशीनची पिन काढली की मी वीस मोजतो, मोठ्यानं, आणि मोजताना त्या गाठींवरून अंगठा फिरवतो. माझ्या दोन गाठी अंगठ्याला टोचतात, आंधळ्यालाही कळाव्यात अशा. पण बधिर बोटांना? त्याला कळलं असेल आणि तो माझ्यासाठी गप्प राहिला असेल, किंवा काहीच कळलं नसेल आणि स्वतःला दोष देत गेला असेल... दोन्हींतलं कुठलं खरं असावं असं वाटतं, हेही मला सांगता येत नाही. त्या दिवशी त्याची बोटं तिथे थांबली होती का, एवढं जरी आठवलं तरी पुरे होतं. पण मी तेव्हा त्याच्याकडे बघत नव्हतो.